शेवटचे सूत
(प्रस्तावना)

नागपुरात लाकूड घ्यायचे तर माणूस लकडगंजला जातो. तिथल्या आरागिरणीत ओंडका पट्ट्याच्या करवतीवर चढतो आणि हातातला चहा संपायच्या आत फळ्या होऊन बाहेर पडतो. पुढे रंधा मशीन त्या फळ्या साफ करते, सर्क्युलर करवत लांबी कापते, राउटर कडा गोल करतो. पूर्वी हेच काम दोन माणसे ओंडक्यावर-ओंडक्याखाली उभी राहून, आरा वर-खाली ओढत, दिवसदिवस करत. त्या कष्टातून माणसांच्या पाठी सुटल्या, हे फार चांगले झाले. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही.

पण मग दार बसवायची वेळ येते. चौकट ओळंब्यात आहे असे गवंड्याने सांगितलेले असते, आणि तरी दार वरच्या कोपऱ्यात एक सूत अडते. मिस्त्री दार उतरवतो, भिंतीला आडवे टेकवतो आणि पिशवीतून रंधा काढतो. दोन हात मारतो, दार लावून पाहतो, पुन्हा उतरवतो, आणखी एक हात मारतो. आता दार बसते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. इंचाचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले. शेवटच्या सुताचे काम अजून हाताकडेच आहे. हे पुस्तक त्या शेवटच्या सुताबद्दल आहे: ते कापणारी हत्यारे, त्या हत्यारांची धार, आणि ज्या लाकडावर ती चालतात त्याचा स्वभाव.

सुरुवात लाकडापासूनच केली पाहिजे, कारण नागपूरकराला या बाबतीत नशिबाने पुष्कळ दिले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान देशभरच्या व्यापारात आजही ‘सीपी टीक’ या नावाने ओळखले जाते. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. प्रांत गेला, 1956 मध्ये नागपूरचे राजधानीपणही गेले, पण लाकडाच्या बाजारात ते नाव टिकून आहे. आलापल्लीचे जंगल, बल्लारपूरचा लाकूड डेपो, 1974 पासून नागपुरात मुख्यालय असलेले महाराष्ट्र वन विकास महामंडळ, ही या लाकडाच्या वाटेवरची ठिकाणे. 2023 मध्ये दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्‌घाटन झाले. त्यात वापरलेले सागवान नागपूरहून गेले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. आपण शेवटचे सूत कापायला बसतो तेव्हा आपल्या हाताखाली बहुधा हेच लाकूड असते.

सागवानाचे दोन गुण सगळ्यांना ठाऊक असतात. त्यात तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आणि ते इतर लाकडांच्या मानाने कमी वाकते. तिसरा गुण फक्त हत्यार चालवणाऱ्याला कळतो: सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूच्या जातीचे बारीक कण, आणि ते धार खातात. आंब्याच्या किंवा शिवणीच्या लाकडावर दिवसभर टिकणारी पटाशी सागवानावर तासाभरात बोथट होते. ‘आजकालच्या पटाश्यांत दम नाही’ अशी तक्रार कानावर येते. काही पटाश्यांबद्दल ती खरीही असेल. बहुतेक वेळा मात्र पटाशी दगडावरून दोन तास लांब राहिलेली असते, इतकेच.

या लाकडाला नागपूरचे हवामान भेटते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले. तितके रोज नसते, पण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जाणे इथे नवे नाही आणि दुपारच्या हवेत ओलावा नावालाही नसतो. काही आठवड्यांत पाऊस येतो आणि हवा ओलीचिंब होते. लाकूड ही सगळी हवा पीत-सोडत राहते. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. त्यातही वाढीच्या वर्तुळांना स्पर्श करून कापलेली फळी आरपार, गाभ्याच्या दिशेने कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट बदलते. अशी स्पर्श करून कापलेली एक फूट रुंद सागवानी फळी घ्या. तिच्या ओलाव्यात 10 टक्क्यांचा फरक पडला, तर ती पावणेदोन सुतांच्या आसपास फुगते किंवा आकसते. हा सागवानाचा हिशोब. इतर पुष्कळ लाकडांचा याहून वाईट असतो.

यात कूलरची भर घाला. कूलरविना नागपूरचा उन्हाळा कल्पनेतही येत नाही, आणि कूलर खोलीतल्या हवेत दिवसभर पाणी मिसळत असतो. वर्कशॉप पत्र्याखाली, भट्टीसारखे तापलेले. तिथे मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळते. त्याच आठवड्यात ड्रॉवर ग्राहकाच्या घरी, कूलरच्या झोतात जातो. आठ दिवसांत तो ओढला तरी उघडत नाही. ग्राहक म्हणतो, काम कच्चे. मिस्त्री म्हणतो, लाकूड ओले होते. खरे तर लाकूड फार कोरडे होते! देशी-परदेशी पुस्तकांत लाकडाच्या हालचालीवर भरपूर लिहिलेले सापडते, पण पावसाळ्याआधीच कूलरमुळे घरात पावसाळा येतो ही गोष्ट मला त्यांत आढळली नाही. विदर्भातल्या सुताराने ड्रॉवरला किती मोकळीक ठेवायची हे कूलर विचारात घेऊनच ठरवावे लागते. म्हणून या विषयाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

जुन्या लोकांनी या हालचालीवर उपाय शोधले होते. पॅनलचा दरवाजा हा त्यांतला सर्वांत सुंदर उपाय. बाहेरची चौकट अरुंद पट्ट्यांची, म्हणून तिची रुंदी फारशी बदलत नाही. आतली रुंद पॅनल खोबणीत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि दाराचे माप तेच राहते. घाईचा कारागीर फेव्हिकॉलची बाटली उघडून खोबणीतही ओततो. मग एखाद्या मे महिन्याच्या दुपारी काड्‌कन आवाज होतो आणि पॅनलला वरपासून खालपर्यंत भेग जाते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत असे दरवाजे आजही पाहायला मिळतात, पिढ्यान्‌पिढ्या उघड-मीट सोसूनही धडधाकट. भोसल्यांचा मूळ राजवाडा 1864 मध्ये जळाला. त्यातल्या सुतारकामाचे आपल्याला आता फक्त वर्णनच वाचता येते. तेव्हा उरलेल्या वाड्यांकडे विद्यार्थ्यांनी फोटो काढण्यापुरते न जाता हातात पट्टी घेऊन जावे. चौकटीचा कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात शिरणारे टोक, किती जाड आहे, तो आरपार गेला आहे की आतच थांबला आहे, त्यात खुंटी लाकडाची ठोकली आहे की बांबूची, हे मोजून लिहून ठेवावे. वाडे झपाट्याने पडत आहेत.

बांबूच्या खुंटीबद्दल इथेच दोन शब्द. कुसवातले भोक चौकटीच्या भोकाच्या अगदी किंचित आत, खांद्याच्या बाजूला पाडायचे. खुंटी ठोकली की ती कुसवाला खेचून खांदा घट्ट टेकवते. खिळा गंजतो, सरस उष्णतेने आणि ओलाव्याने हार मानतो, पण ही खुंटी लाकडाबरोबरच हलते. खर्च जवळजवळ शून्य. बांबू आपल्याकडे हवा तितका आहे. ही रीत विसरायला काहीही कारण नव्हते.

गावात सुताराला आपल्याकडे वाढई म्हणतात. बलुत्यात त्याचे काम शेताशी बांधलेले होते: नांगर, वखर, डवरा, तिफण, जू आणि बंडी. कोणत्या कामाला कोणते लाकूड हे तो झाडाचे नाव घेऊन सांगे. नांगराला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, जिथे झटका सोसायचा तिथे तिवस, कोरीव आणि कातीव कामाला हळदू. बंडीचे चाक हे त्याच्या विद्येचे शिखर होते. तुंब्यात आरे बसवायचे, आऱ्यांवर कडे बसवायचे, लोहाराने तापवलेली लोखंडी धाव त्यावर चढवायची. आणि हे सगळे अशा हवेत, जिथे उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल होणारच. मग शेतकरी चाके नाल्याच्या पाण्यात भिजत ठेवी. कूलरने फुगलेला ड्रॉवर आणि नाल्यात भिजणारे चाक यांच्यामागचा नियम एकच आहे, आणि गावच्या वाढयाला तो पुस्तकाशिवाय माहीत होता.

आता तिफण लोखंडी झाली, बंडीला टायर आले, ट्रॅक्टरने बराचसा भार उचलला. एक दिवस मात्र वाढयाचा राहिला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. मुले लाकडी बैल सजवून, ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुलांसाठी हा सण सुरू केला असे नागपुरात मानतात. पोळ्याआधी बाजारात बैलांच्या रांगा लागतात, तळहाताएवढ्यापासून वासराएवढ्यापर्यंत. त्यांतले पुष्कळ आता यंत्रावर कापून पॉलिश केलेले असतात. पण हाताने केलेला बैल ओळखू येतो. वशिंडाचा उतार, मानेची वळी, कपाळ आणि शिंग जिथे भेटतात तिथली खळगी, हे वाकसाचे आणि गोल पटाशीचे काम आहे. वाकस, ज्याला बरेच जण वासला म्हणतात, पायाच्या दोन तळव्यांत लाकूड धरून चालवायचे हत्यार. नवख्याला ते भीतिदायक वाटते आणि तशी भीती असावीही. पण सराव झाला की एका लयीत ढलप्या उडवत ते जो आकार काढते, तो काढायला दुसरे हत्यार नाही. लाकडातून पहिल्यांदा काही घडवू पाहणाऱ्याला मी खुर्ची-टेबल सांगणार नाही. शिवणीच्या तुकड्यातून एक बैल काढा. लाकडाची रेषा कुठे सुलटी, कुठे उलटी, हे तो बैलच शिकवतो.

हत्यारांकडे येतो. इतवारीतल्या लोहा ओळीत गेलात तर दुकानदार शंभर वस्तू पुढे मांडेल. सुरुवातीला फार थोडी लागतात: एक इंची आणि अर्धा इंची पटाशी, एक रंधा, बारीक दातांची एक करवत, गुण्या, मार्किंग गेज, मोगरी, आणि धार लावायचा दगड. या यादीत दगड शेवटी आला असला तरी खरेदी त्याच्यापासून करा. स्वस्त पटाशी आणि चांगला दगड असेल तर काम होते. महागडी पटाशी आणि दगड नाही, तर दुसऱ्या दिवशी काम थांबते.

धारेबद्दल मला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण माझ्या मते आपल्या सुतारकामाच्या शिक्षणात सर्वांत मोठी उणीव इथे आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मुले वर्कशॉपमध्ये टी-जॉइंट करतात, जर्नल लिहितात, गुण घेतात. आयटीआयमध्ये सुतार हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि तिथे काम पुष्कळ अधिक होते. पण दोन्हीकडे नवख्या मुलाच्या हातात बहुधा आधीच्या तुकडीने बोथट केलेली पटाशी येते. तो तिच्यावर जोर करतो, ती सटकते, लाकूड चुरगळते, कधी बोट कापते. मग त्याचे मत होते की हाताचे काम म्हणजे ताकदीचे काम. हे मत आयुष्यभर पुसले जात नाही. धारदार पटाशी सागवानाच्या आडव्या टोकावरूनही अंगठ्याच्या दाबाने पातळ कीस काढते, आणि हे त्याला कुणी एकदाही दाखवलेले नसते. बोथट हत्यारच जास्त कापते, माणसाला.

धार म्हणजे दोन सपाट पृष्ठे जिथे भेटतात ती रेषा. म्हणून पटाशीची पाठ आधी सपाट करावी लागते. नव्या पटाशीची पाठही क्वचितच सपाट असते. दगडावर घासून टोकाकडचा इंचभर भाग एकसारखा चमकू लागेपर्यंत थांबायचे नाही. हे काम पटाशीच्या जन्मात एकदाच करायचे असते आणि कंटाळवाणे असते. मग उतार. 25 ते 30 अंशांच्या दरम्यान कुठेही चालेल. सागवानासाठी 30 कडे झुकलेला बरा, धार जरा जास्त टिकते. कोन मोजण्यापेक्षा तो हलू न देणे महत्त्वाचे. कोपर अंगाला टेकवा, हालचाल खांद्यातून येऊ द्या, मनगट गप्प ठेवा. कार्बोरंडमच्या दगडाच्या खरखरीत बाजूवर काही वेळ घासले की पाठीच्या बाजूला लोखंडाची बारीक कड उचलली जाते. बोट पाठीवरून धारेकडे, बाहेरच्या दिशेने फिरवले की ती अडते. पूर्ण रुंदीत ती लागली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. ती लागेपर्यंत दगड सोडून उठू नये. मग बारीक बाजू, मग पाठीवर दोन हात, मग चामड्यावर ओढणे. दहा मिनिटे. अधूनमधून लावायच्या धारेला तर दोनच.

रंध्याचेही तसेच. रंधा अडखळू लागला की मिस्त्री पाते आणखी खाली ठोकतो. बहुतेक वेळा उलट करायला हवे असते: पाते काढून धार लावायची, मग पूर्वीपेक्षा वर बसवायचे. तळाला मेणबत्ती घासली किंवा तेलाच्या चिंधीने पुसले की निम्मी मेहनत वाचते. फळीची कड बघा; रेषा ज्या दिशेने वर चढत जातात त्या दिशेने रंधा मारा. उलट मारलात तर लाकूड उपटले जाईल आणि ते खड्डे पॉलिश लावल्यावर आणखी उठून दिसतील. जुना लाकडी रंधा घरात असेल तर तो फेकू नका. त्याचा तळ सपाट करता येतो, पाचर नवी करता येते, आणि सागवानावर तो लोखंडी रंध्याइतकाच, कधी त्याहून हलका चालतो.

मापाच्या बाबतीत एकच सवय सांगतो. नवा गुण्या घेताना दुकानातच एखाद्या सरळ कडेच्या फळीवर त्याने रेषा मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेषा मारा. दोन रेषा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते. दुकानदार रागावत नाही. चांगल्या गिऱ्हाइकाची ही खूण त्याला माहीत असते.

उभ्याने टेबलावर काम करावे की जमिनीवर बसून, यावर हल्ली फार आग्रही बोलले जाते. आपल्याकडचे सुतार शतकानुशतके बसून काम करत आले. पायाच्या अंगठ्याने फळी धरत, सामत्याने भोके पाडत, आणि जुनी करवत अंगाकडे ओढून कापत. ओढताना पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ ठेवता येते. जपानी सुतारही तसेच कापतात. आज बाजारात मिळणारी करवत बहुधा ढकलून कापणारी असते आणि तिला उंच टेबल सोयीचे पडते. लांब फळी रंधायलाही टेबल हवे. पण छोटे कोरीव काम बसून अधिक स्थिर होते. दोन्ही शिकावे. ज्याचे गुडघे तक्रार करतात त्याने टेबल घ्यावे, यात कमीपणा नाही.

हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान द्यायचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला होता. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी तो मगनवाडीतून चालवला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली. सूतकताईबरोबर सुतारकामही त्यात शिक्षणाचे माध्यम म्हणून धरले होते: मूल पेटी करताना भूमिती शिकेल, लाकूड शिकताना वनस्पतिशास्त्र शिकेल. तो विचार पुढे फारसा रुजला नाही, आणि आपण त्यात काही मोठे गमावले असे मला मनापासून वाटते. आता केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली, आणि वर्षपूर्तीचा कार्यक्रम वर्ध्यालाच झाला. पैसा लागतोच. पण अवजारांच्या पेटीतल्या पटाशीला धार लावायला शिकवणारा माणूस पेटीबरोबर आला पाहिजे.

प्लायवूडबद्दल विचारणा होईल म्हणून सांगतो. प्लायवूड वाईट नाही. त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते जवळजवळ हलत नाही, म्हणून त्याला कुसू लागत नाही आणि पॅनलचा हिशोबही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला ते योग्यच आहे. पण ज्याने फक्त प्लायवूड पाहिले तो एक दिवस अस्सल सागवान हातात घेतो आणि त्यालाही प्लायवूडसारखेच वागवतो, स्क्रू मारून, सर्व बाजूंनी चिकटवून. भेगाळलेली महागडी टेबले मी नागपुरातल्या अनेक बैठकीच्या खोल्यांत पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत लाकूड निर्दोष होते.

पुस्तकाची मांडणी या सगळ्यावरूनच ठरली. धार आधी, मग माप, मग रंधणे, मग सांधे, आणि सर्वांत शेवटी वस्तू. काही वाचकांना थेट शेवटच्या प्रकरणातल्या पाटाकडे किंवा पेटीकडे जावेसे वाटेल. त्यांना विनंती आहे की पहिले प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ठेवावे, घरातली एखादी जुनी पटाशी शोधावी, नसेल तर एक विकत आणावी, आणि तिची पाठ पूर्ण सपाट करून तिला धार लावावी. सागवानाच्या तुकड्याच्या टोकावरून तिने न तुटता कीस काढला, की दुसरे प्रकरण उघडावे.